बेळगाव स्टँडवर रात्री अडकलात तर कोण विचारतंय? माझा रिव्ह्यू

पाचात चार स्टार देते, एक का कापला ते पुढं सांगतेच. कुंद्याच्या दुकानांचे, खानावळींचे, लॉजचे रिव्ह्यू बेळगावात ढिगानं मिळतात, पण रात्री साडेदहाला स्टँडवर पर्स गेली, मोबाईल गेला, गावाकडची शेवटची गाडी पण गेली आणि हातात दमडी नाही अशा वेळी कोण जवळ येऊन विचारतंय हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहायला बसले.

सेंट्रल बसस्टँड, सीबीटी म्हणजे शहरातल्या गाड्यांचा स्टँड, आणि रेल्वे स्टेशन ह्या पट्ट्यात काही माणसं आहेत. ट्रस्ट नाही, बोर्ड नाही, पावतीबुक नाही, व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे तेवढाच. एक रिक्षावाले मामा, एक रिटायर झालेले कंडक्टर काका, मेडिकल दुकानात कामाला असलेला एक मुलगा, एक शिलाईकाम करणाऱ्या काकू आणि आणखी दोघं-तिघं. नावं देत नाही, त्यांनाच नको आहेत. मी पण अधूनमधून थोडा हातभार लावते, तेव्हा माझं मत त्यांच्या बाजूला झुकलेलं असणार हे धरून वाचा, पण जे लिहितेय ते बघितलेलं लिहितेय.

आधी बेळगावात अडकतं कोण ते बघा. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसं दवाखान्याला बेळगावलाच येतात, कोल्हापूर किंवा पणजीपेक्षा हे त्यांना सोयीचं पडतं, आणि डॉक्टरचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ होते, रिपोर्ट घेईपर्यंत गाडी गेलेली असते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन परत फिरलेली म्हातारी माणसं असतात, हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपतीला जाऊन आलेली असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं कॅम्पात असल्यामुळं भरती निघाली की कुठकुठनं पोरं येतात, जेमतेम जाण्यापुरते पैसे घेऊन आलेली, फुटपाथवर बॅग उशाला घेऊन झोपतात. गोव्याला बांधकामावर जाणारे रायचूर, कोप्पळ, ओडिशाकडचे मजूर असतात, ठेकेदारानं पैसे दिले नाहीत म्हणून अर्ध्या वाटेत थांबलेले. आणि घरात भांडण करून निघालेल्या बायका असतात, त्या काही बोलत नाहीत, नुसत्या बाकावर बसून राहतात, ते ओळखायला नजर लागते आणि ती शिलाईवाल्या काकूंना आहे.

आता ही मंडळी काय करतात ते. पहिलं म्हणजे बसवतात. "मावशी, आधी बसा, पाणी घ्या," एवढंच. काय झालं, कसं झालं, एवढं कसं लक्ष नव्हतं वगैरे कोर्टातल्यासारखी उलटतपासणी नाही. मला ह्यातलं सगळ्यात जास्त हेच पटलं, कारण अडकलेल्या माणसाला पैशापेक्षा आधी लाज खात असते, चांगल्या घरातला माणूस असतो, आयुष्यात कुणाकडं हात पसरलेला नसतो, त्याला दोन वेळा खोदून विचारलं की तो उठून निघून जातो आणि मग रात्रभर कुठं बसतो देव जाणे. माणूस कन्नड बोलणारा असला की काकू सरळ "ऊटा आतेनु?" म्हणून सुरू करतात, जेवण झालंय का तेवढं विचारलं की बाकीचं आपोआप बाहेर येतं. आपल्याकडं भाषेवरनं काय काय होतंय ते सगळ्यांना माहीत आहे, पण ह्या बाकावर मी आजपर्यंत कुणाला तू कुठल्या बाजूचा असं विचारलेलं ऐकलं नाही.

दुसरं काम म्हणजे घरी कळवणं, आणि हेच आता सगळ्यात अवघड झालंय. पूर्वी पाकीट मारलं तर पैसे जायचे, आता मोबाईल गेला की पैसे पण गेले, नंबर पण गेले, तिकीट पण गेलं, आधार पण गेलं. नंबर कुणाला पाठ नसतात. माझी मावशी आजऱ्याकडची, डोळ्याच्या दवाखान्याला आली होती काकांना घेऊन, स्टँडवरच्या गर्दीत पिशवी गेली, पिशवीत फाईल, पैसे, मोबाईल सगळं. मी खानापुरात, तासाभराच्या अंतरावर, पण माझा नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईल चोराकडं. मुलाचा नंबर पण पाठ नाही. मग कंडक्टर काकांनी काय करावं, सरळ आजरा डेपोला फोन लावला, तिथल्या कंट्रोलरला विचारलं की अमुक गावाला आज मुक्कामी एसटी कुणाची आहे, त्या कंडक्टरचा नंबर घेतला, तो बिचारा गावात गाडी लावून जेवायला बसला होता, तो उठून मावशीच्या घरी गेला आणि मुलाला फोन जोडून दिला. सगळं मिळून अर्धा तास पण लागला नसेल. हे डोकं कुठल्या ॲपला नाही सुचायचं. मुक्कामी गाडी नसेल तर गावच्या पोलीस पाटलाचा नंबर काढतात, महाराष्ट्रातल्या गावांना हे चालतं, आमच्या बाजूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या गावांना ग्रामपंचायतीच्या मेंबरला किंवा डेअरीवाल्याला गाठतात, डेअरीवाला पहाटे चारला उठलेलाच असतो आणि त्याला अख्खं गाव माहीत असतं.

त्या रात्री मावशी-काका काकूंच्या घरीच झोपले, सकाळी पहिल्या गाडीनं गेले. मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तिथनं माझी ह्या लोकांशी ओळख.

तिसरं, रोख पैसे देत नाहीत. ह्यावरनं काही लोक नावं ठेवतात की एवढं करता तर शंभर-दोनशे हातात द्या की, पण मला हीच पद्धत बरोबर वाटते. स्टँडवर "पाकीट मारलंय, गावाला जायचंय" म्हणून रोज तीच गोष्ट सांगत फिरणारे ठरलेले चेहरे आहेत, त्यांच्यामुळं खऱ्या अडकलेल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ही मंडळी गाडीपर्यंत सोबत जातात, तिकीट काढून देतात, कंडक्टरला सांगतात की ह्यांना अमुक ठिकाणी उतरवा, तिथं मुलगा येणार आहे. खरा असतो तो गाडीत बसतो, बसल्यावर रडतो पण. खोटा असतो तो गाडीचं नाव काढल्यावर लघवीला जाऊन येतो म्हणून निघून जातो, त्याच्याशी भांडण नाही, शिव्या नाहीत.

तिकिटाचं पण ह्या लोकांचं गणित पक्कं आहे. बाई कर्नाटकातली असेल आणि आधार किंवा वोटर कार्ड जवळ असेल तर शक्ती योजनेत साध्या बसला तिकीटच लागत नाही, ११ जून २०२३ पासून आहे हे, मग तिला वायव्य कर्नाटक परिवहनच्या लाल गाडीत बसवून द्यायचं, खर्च शून्य. बाई चंदगडची असेल तर तिला ही सवलत नाही, पण महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते हद्दीच्या पलीकडच्या अंतराला लागतं. ७५ वर्षांवरच्या महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्यांना एसटी फुकट आहे, ती पण त्यांच्या राज्यात. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या, एक खानापूरची, एक चंदगडची, दोघींचे नियम वेगळे, आणि दोघींचं कार्ड चोरीला गेलं असलं तर फुकटची सवलत दोघींनाही नाही. तिथं मग कंडक्टर काकांची जुनी ओळख नाहीतर सरळ खिशातले पैसे.

सरकारी सोयी नाहीत असं नाही, त्या पण सांगते, कारण आपल्याकडं नंबर माहीत नसल्यामुळंच माणसं निम्मी अडकतात. रेल्वेला १३९, एकच नंबर, चौकशी, तक्रार, सुरक्षा, आजारी माणूस सगळ्याला हाच, जुना १८२ आता २०२१ पासून बंद आहे पण अजून जुन्या डब्यांत कुठंतरी रंगवलेला दिसतो. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही तर पूर्ण पैसे परत मिळतात, ऑनलाईन तिकिटाला टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा, आणि तो गाडी प्रत्यक्षात सुटायच्या आत भरायचा, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी नाही. योगायोग बघा, रेल्वे कायदा १९८९ मधलं कलम पण १३९ च आहे, त्यात असं आहे की एकटी बाई किंवा मूल विनातिकीट सापडलं तर त्यांना वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही, जिथनं बसले ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथंच, आणि ते पण दिवसाउजेडी. आपल्या लाईनवर बघा, लोंढा जंक्शन, मिरज जंक्शन आणि बेळगाव जिल्ह्याचं ठिकाण. म्हणजे गुंजी नाहीतर पाच्छापूरच्या अंधाऱ्या प्लॅटफॉर्मवर रात्री कुठल्या पोरीला उतरवायचा कुणाला अधिकार नाही. हे प्रत्येक मुलीला पाठ पाहिजे.

बायकांसाठी १८१ आहे, आणि सखी वन स्टॉप सेंटर म्हणून केंद्राची योजना आहे २०१५ पासूनची, तिथं पाच दिवसांपर्यंत राहायची सोय असते. म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, पण तो सकाळी आठ ते रात्री आठ, आणि माणूस अडकतो ते आठनंतरच. स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमला पीएनआर लागतो, वेटिंग हॉलला तिकीट लागतं, ज्याचं तिकीटच गेलंय तो कुठं बसणार. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, नाहीतर स्टेशनची धर्मशाळा होईल, पण ह्या सगळ्या सोयी ज्याच्या हातात फोन, कार्ड आणि तिकीट आहे त्याच्यासाठी आहेत, आणि अडकलेला म्हणजे तोच ज्याच्या हातात ह्यातलं काही नाही. ह्या मंडळींचं निम्मं काम म्हणजे ह्या नंबरांवर त्या माणसाच्या वतीनं फोन लावणं. एका ठिकाणी खिडकीवरच्या माणसानं आपल्याला मराठी समजत नाही असं सांगून माझ्यासमोर एका आजींना परत पाठवलं, मेडिकलवाला मुलगा गेला, कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलला, दोन मिनिटात काम झालं.

लहान मुलांचं वेगळं सांगायला पाहिजे. एकटं मूल दिसलं की ही माणसं त्याला खायला देतात पण स्वतः घरी पोचवायला कधीच जात नाहीत, मुलांच्या हेल्पलाईनला, १०९८ ला, फोन करतात किंवा स्टेशनवर असेल तर आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाकडं देतात. मला आधी हे कोरडं वाटलं होतं, बारा वर्षांचं पोर गाव सांगतंय, बसवून द्या की गाडीत. तर काकू म्हणाल्या, पोर घरनं का निघालं ते आपल्याला माहीत आहे का, मार खाऊन निघालं असेल तर परत तिथंच नेऊन सोडायचं? कायद्यानं पण चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं हजर करावं लागतं, मग घर तपासूनच मूल देतात. बरोबर आहे ते.

सांबऱ्याच्या विमानतळाबद्दल थोडंच लिहिते, तिकडं ह्या लोकांची वर्दळ नाही. विमानाचा नियम असा आहे की अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल, म्हणजे आपल्याकडनं बेंगळूर, हैदराबाद, मुंबई, आणि दोन तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल तर वेळेत चेक-इन केलेल्याला खाणंपिणं कंपनीनं द्यायचं. चोवीस तासांपेक्षा जास्त लेट, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या मधल्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त लेट असेल तर हॉटेल. मागायला लागतं, आपण मागत नाही. सांबऱ्याला अडकलेल्याकडं निदान पैसे असतात, गावात आला की लॉज मिळतो, म्हणून मला त्याची तेवढी काळजी वाटत नाही. पण पहिल्यांदा विमानात बसलेले आई-बाप असतात, मुलानं तिकीट काढून पाठवलेलं, त्यांना सांगणारं कुणीतरी तिथं पाहिजे.

माझा भाचा जर्मनीत आहे, तो सांगतो तिकडं मोठ्या स्टेशनांवर बानहोफ्समिशियोन म्हणून खोलीच असते, चर्चची माणसं चालवतात, चहा, ब्रेड, बसायला जागा, निळं जॅकेट घातलेला माणूस गाडी बदलून द्यायला पण येतो. १८९४ साली बर्लिनला सुरू झालं ते, खेड्यातनं शहरात कामाला येणाऱ्या मुलींना कुणी फसवू नये म्हणून. अमेरिकेत ट्रॅव्हलर्स एड आहे, सेंट लुईसच्या एका मेयरनं, ब्रायन मलॅन्फी नाव, १८५१ मध्ये वारला, मृत्यूपत्रात पश्चिमेकडं वस्तीला जाणाऱ्या गरीब प्रवाशांसाठी इस्टेटीतला वाटा ठेवला, त्यातनं ती कल्पना वाढली आणि आज न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या विमानतळांवर त्यांची माणसं बसतात. आपल्याकडं हे कधी नव्हतं असं मात्र समजू नका. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावात आले ते ओळखीची चिठ्ठी घेऊन, रिसालदार गल्लीत भाटे वकिलांनी अनोळखी संन्याशाला घरात ठेवून घेतलं, पुढं हरिपद मित्र नावाच्या फॉरेस्ट ऑफिसरकडं राहिले. तेव्हा अजून त्यांना जग ओळखत नव्हतं, शिकागो पुढच्या वर्षी झालं. त्यांच्याकडं निदान चिठ्ठी होती. ज्याच्याकडं चिठ्ठी पण नाही त्याला घरात घ्यायचं काम काकू करतायत, मला त्याचं मोल जास्त वाटतं.

सीमाभागाचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरनं कंडक्टर-ड्रायव्हरना मारहाणीचे प्रकार झाले आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस एकमेकांकडं जायच्या बंद झाल्या. टीव्हीवर पुढारी बोलत होते आणि इकडं दवाखान्यातनं डिस्चार्ज घेतलेला पेशंट स्टँडवर. त्या दिवसांत ह्या लोकांनी हद्दीपर्यंत रिक्षा, टमटम, ओळखीच्या गाड्या लावल्या, पलीकडं कुणाला तरी फोन करून उभं केलं, माणूस चालत पलीकडं गेला की तिकडची गाडी. डिसेंबर २०२२ ला पण हेच झालं होतं. पावसाळ्यात वेगळं, ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा पुणे-बेंगळूर रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद, निपाणी-कोगनोळीकडं ट्रकांच्या रांगा, आजूबाजूच्या गावांनी भाकरी-पिठलं करून ट्रकवाल्यांना घातलं, तमिळ, पंजाबी, कुणी का असेना. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीला वेदगंगेचं पाणी परत हायवेवर आणि त्याच आठवड्यात दूधसागर घाटात दरड पडून गाडीचे डबे घसरले, म्हणजे रस्ता पण बंद आणि लोंढ्याकडनं गोवा लाईन पण बंद. बेळगाव हे असं मधलं ठिकाण आहे, कुठंही काही बंद पडलं की माणसं इथं साचतात.

आता तो एक स्टार.

रात्री बारानंतर कुणी नसतं. रिक्षावाले मामा दीडपर्यंत असतात कधी कधी, पण ते भाड्यावर गेले की गेले. पहाटे तीन-चारच्या गाड्यांना उतरणाऱ्यांना कुणीच नाही. बायकांना रात्री ठेवायला काकूंचं घर हा एकच पर्याय आहे, दोन खोल्यांचं घर, काकू गावाला गेल्या की तो पण नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, एका बाईच्या चांगुलपणावर अख्ख्या शहराची सोय टेकवून ठेवायची हे बरोबर नाही. शहरात एवढ्या मंगल कार्यालयांच्या खोल्या आहेत, मठ आहेत, मंडळांच्या इमारती आहेत, स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरात दोन कॉट आणि कडी लागणारं दार असलेली एक खोली कुणी देऊ शकत नाही हे मला पटत नाही.

दुसरं, ही मंडळी आहेत हे कळणार कसं? चहावाल्याला विचारलं तर कळतं, सगळे चहावाले ओळखतात, पण अडकलेला माणूस चहावाल्याकडं जात नाही, खिशात पैसे नसतात म्हणून. एक बोर्ड पाहिजे, मराठी, कन्नड आणि हिंदी, मोठ्या अक्षरात, "अडचण आहे का? इथं विचारा" एवढंच. मी हे त्यांना सांगितलं तर कंडक्टर काका म्हणाले बोर्ड लावला की परवानगी आली, परवानगी आली की पुढारी आला, पुढारी आला की त्याचा फोटो आला. त्यांचं म्हणणं कळतं मला, पण बोर्ड नसल्यामुळं किती माणसं काहीच न कळता रात्रभर बसून जातात त्याचा हिशोब कोण ठेवणार. ह्या मुद्द्यावर आमचं अजून पटलेलं नाही. आणि हिशोबावरनं आठवलं, कुणाला किती दिले, कुणी परत पाठवले, हे काही लिहिलेलं नसतं. बरेच जण गावी पोचल्यावर पैसे परत पाठवतात, फोन करतात, एकानं काजू पाठवले होते चंदगडहून, पण एक साधी वही ठेवली तर उद्या कुणी संशय घेतला तर दाखवायला होईल, आणि नवीन माणूस आला तर त्याला शिकायला होईल. मी वही आणून दिली आहे, बघू वापरतात का.

कुणाला मदत करायची असेल तर पैसे देऊ नका, ते घेत पण नाहीत, घेतले तरी अवघडतात. जुना पण चालू असलेला साधा बटणाचा मोबाईल द्या, चार्जर द्या, सगळ्या पिनांचे, माणूस फोन बंद पडला म्हणून पण अडकतो. चपला द्या, गर्दीत चपला तुटून अनवाणी आलेली माणसं बरीच असतात हे मला इथंच कळलं. धुतलेलं लुगडं, एखादी चादर, थंडीत स्वेटर, बेळगावची डिसेंबरची थंडी कोकणातनं आलेल्या माणसाला सोसत नाही. खाण्याचं रात्री नऊनंतर काही उरलेलं चांगलं असेल तर आधी फोन करून विचारा, शिळं आणून देऊ नका. आणि कन्नड-मराठी दोन्ही येणारी कुणी बाई असेल, स्टँडच्या जवळ राहणारी, आठवड्यातनं एक रात्र बारापर्यंत बसू शकणारी, तर बसस्टँडच्या बाहेर रिक्षा स्टँडवर मामांना विचारा, ते काकूंशी गाठ घालून देतील, आत्ता पैशापेक्षा त्यांना त्याचीच गरज आहे.